पुढे आणा, पण वर नेऊ नका

अभिनंदन! अमेरिकेतल्या बड्या कंपनीत डायरेक्टर झालात. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले, सासूबाईंनी तिकडे सांगलीत अख्ख्या गल्लीला कळवलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात एचआरच्या बाईंनी कॉफीला बोलावून एक जादा जबाबदारी तुमच्या गळ्यात घातली. 'विमेन ऑफ कलर' मंडळींना नेतृत्वात पुढे आणण्याच्या उपक्रमाचे तुम्ही एक्झिक्युटिव्ह स्पॉन्सर. कृष्णवर्णीय, लॅटिना, आशियाई, मूळ अमेरिकन, थोडक्यात गोऱ्या नसलेल्या सगळ्या बायका आता तुमच्या यादीत. तुमचीच निवड का झाली, हे विचारत बसू नका. तुम्ही स्वतः सावळे आहात आणि या कामाचे वेगळे पैसे मागणार नाही, एवढी पात्रता पुरते.

घाबरण्यासारखं काही नाही. या बायका सतत पुढे येताना दिसल्या पाहिजेत आणि वर पोचता कामा नयेत, इतकंच सांभाळायचं. मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि लीन इन ही बायकांच्या प्रगतीसाठीची संस्था, यांचा नोकरदार बायकांवरचा दरवर्षीचा अहवाल वाचून ठेवा, धीर येतो. 2024 चा अहवाल सांगतो की सर्वोच्च पदांच्या वर्तुळात, ज्याला तिकडे सी-सूट म्हणतात, या बायका 7 टक्के आणि गोरे पुरुष 56 टक्के. पहिल्यांदा मॅनेजर होण्याचं प्रमाण 100 पुरुषांमागे 81 बायका, आणि कृष्णवर्णीय बायका घेतल्या तर 54. म्हणजे जिन्याची पहिलीच पायरी मोडकी आहे. तेव्हा तुम्ही परिसंवाद ठेवायचा तो 'काचेचं छत' या विषयावर, म्हणजे बायकांना सर्वात वर जाताना अडवणाऱ्या न दिसणाऱ्या मर्यादेवर. छताबद्दल कितीही तळमळीने बोललं तरी खालच्या पायरीला खिळा कोणी ठोकायचा, हा प्रश्न निघत नाही.

आता मुख्य हत्यार, एक्सेलची शीट. तिच्यात दोन रकाने ठेवा, 'महिला' आणि 'वंशवैविध्य'. तिसरा रकाना कोणी मागितला तर नम्रपणे नकार द्या. यामागे मोठी परंपरा आहे, ती माहीत असावी म्हणून सांगतो. जनरल मोटर्सवर पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी खटला भरला होता, त्याचा निकाल 1976 साली सेंट लुईसच्या कोर्टात लागला. कंपनीने 1964 पूर्वी एकही कृष्णवर्णीय स्त्री नोकरीत घेतली नव्हती. पुढे मंदी आली, 'शेवटी आला तो आधी जाईल' हा ज्येष्ठतेचा नियम लागला, आणि 1970 नंतर घेतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया सगळ्याच्या सगळ्या घरी गेल्या. कोर्टाने काय म्हणावं? बायकांवर अन्याय म्हणता, तर कंपनीत बायका पूर्वीपासून आहेत (होत्या, गोऱ्या होत्या, ऑफिसात). वंशाचा अन्याय म्हणता, तर त्याची वेगळी केस चालू आहे, तिच्यात सामील व्हा. पण दोन्ही एकत्र करून तुम्हाला नवा वर्ग बनवता येणार नाही. असे गणितातले क्रमचय आणि संचय मान्य करत बसलो तर पँडोराची पेटीच उघडेल. न्यायमूर्तींना चिंता संचयांची होती, घरी गेलेल्या बायकांची आपोआप मिटली. या निकालावर बोट ठेवून किंबर्ले क्रेन्शॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने 1989 मध्ये 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द दिला, म्हणजे वंश आणि लिंग यांचे भेद एकाच माणसावर एकत्र येऊन आदळणं. तो शब्द तुमच्या ट्रेनिंगच्या चौथ्या स्लाइडवर आहे. स्लाइडवर असू दे, शीटमध्ये नको.

दोन रकान्यांचा फायदा तुमच्या लगेच लक्षात येईल. पहिला रकाना गोऱ्या बायकांनी भरतो. दुसऱ्या रकान्यात तुम्ही आहातच. तुमच्या बढतीने कंपनीची वैविध्याची टक्केवारी या तिमाहीत सुधारली, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. ज्या बाईला डावलून तुम्हाला घेतलं तिची तक्रार उत्तराविनाच निकालात निघते, कारण तिचं उत्तर तुम्ही आहात. लाजू नका, हा मान आहे.

तरीही कोणी खोदून विचारलं तर नावं तोंडपाठ असू द्या. अर्सुला बर्न्स म्हणा. 1980 मध्ये झेरॉक्समध्ये उन्हाळी इंटर्न म्हणून आल्या आणि 2009 मध्ये सीईओ झाल्या. फॉर्च्युन 500 म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या पाचशे कंपन्यांपैकी एकीच्या प्रमुखपदी बसलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री, हे सांगताना आवाज भरून आला तर उत्तम. आपल्या इंद्रा नूयी म्हणा, पेप्सिको, 2006 ते 2018. 'आपल्या' म्हणायला विसरू नका. त्या मद्रासच्या, पण अमेरिकेत गेल्यावर मद्रास आपलंच. मेलडी हॉब्सन या कृष्णवर्णीय गुंतवणूक क्षेत्रातल्या बाईंचं नाव घेताना मात्र जरा जपून. 2006 साली त्या सिनेटच्या एका कृष्णवर्णीय उमेदवाराला घेऊन न्यूयॉर्कच्या एका मोठ्या माध्यम कंपनीत जेवणाच्या बैठकीला गेल्या, तर स्वागतकक्षातल्या बाईंनी दोघांना आतल्या खोलीत नेऊन विचारलं, तुमचे युनिफॉर्म कुठे आहेत? हॉब्सन बाईंनी ही गोष्ट पुढे जाहीर भाषणात सांगितली, आणि 2021 मध्ये त्या स्टारबक्सच्या संचालक मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. तेव्हा रिसेप्शनला एवढं सांगून ठेवा, की युनिफॉर्म विचारण्यापूर्वी शेअर किती आहेत ते विचारा.

खरी कसोटी कॅलिब्रेशनच्या, म्हणजे कोणाला किती गुण आणि कोणाला बढती हे ठरवण्याच्या मिटिंगमध्ये लागते. ही वर्षातून एकदा, दार लावून. पडद्यावर नावांची यादी, टेबलावर थंड झालेले सँडविच, आठ मॅनेजर, आणि जिच्याबद्दल बोलायचं ती खोलीबाहेर. यादीत तुमच्या उपक्रमातल्या कृष्णवर्णीय मोनिकचं नाव येतं. तिचा बॉस म्हणतो, "शी इज ग्रेट." मग अर्धा घोट पाणी पितो. "बट..." या बटनंतर काहीही बोलायची गरज नसते. सगळे मान हलवतात. कोणीतरी 'एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स' म्हणतं. ती काय चीज आहे हे आजवर कोणी मोजलेलं नाही, त्यामुळे ती कमी पडली असं कधीही म्हणता येतं. ऑगस्टमध्ये रात्री अकरा वाजता पेमेंटची सिस्टिम बसली तेव्हा मोनिकने चार माणसं फोनवर उठवून पहाटेपर्यंत ती उभी केली. त्याची सकाळची मेल तिच्या सहकारी मॅटने पाठवली: 'टीमने कमाल केली!' म्हणून मॅटच्या नावापुढे 'संकटात नेतृत्व' अशी नोंद आहे. मोनिकच्या नावापुढे 'सहकाऱ्यांशी बोलताना सूर थोडा तीव्र', कारण रात्री अकराला तिने कोणालाही 'हाय, होप यू आर डूइंग वेल' म्हटलं नव्हतं. तुम्ही तिथे तिचे स्पॉन्सर म्हणून बसला आहात. अशा वेळी स्पॉन्सरने लॅपटॉप उघडून काहीतरी टाइप करावं. मिटिंग संपल्यावर तिला गाठून "मी तुझ्यासाठी खूप भांडलो" म्हणावं.

त्यावर मलम म्हणून पद द्या. पगाराचं नव्हे, 'ग्लोबल इन्क्लूजन चॅम्पियन' वगैरे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण सोनूबाईला लिंक्डइनवर छान बॅनर करून द्या. बजेट शून्य ठेवा, मिटिंगा दुपारी बाराला, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत उरकतात. वर्षअखेर अप्रेझलमध्ये लिहा, 'मुख्य कामावर लक्ष थोडं कमी पडलं.'

कधी कधी कंपनी खरोखरच मोठी खुर्ची रिकामी करते. तेव्हा आधी त्या खुर्चीखाली काय जळतंय ते बघा. मिशेल रायन आणि अ‍ॅलेक्स हॅस्लम या संशोधकांनी 2005 मध्ये लंडनच्या शेअरबाजारातल्या बड्या कंपन्या तपासल्या, तर बायकांना संचालक मंडळावर घेतलेल्या कंपन्यांची घसरण बहुधा आधीपासूनच चालू होती. त्यांनी याला काचेचा कडा म्हटलं. आपण याला संधी म्हणायचं. ज्या प्रॉजेक्टवरून दोन गोरे व्हाइस प्रेसिडेंट कुटुंबाला वेळ देण्यासाठी बाजूला झाले, ते प्रॉजेक्ट हसत हसत मोनिकला द्या.

केसांचं प्रकरण लवकर संपवतो. 2010 मध्ये अलाबामातल्या मोबील शहरात एका कृष्णवर्णीय तरुणीला देऊ केलेली नोकरी तिने आपले ड्रेडलॉक्स कापायला नकार दिला म्हणून काढून घेतली गेली. 2016 मध्ये अपील कोर्ट म्हणालं, केशरचना बदलता येते, तेव्हा हा वंशभेद नव्हे. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये असला भेद बेकायदा ठरवणारा क्राउन अ‍ॅक्ट केला; मागोमाग बऱ्याच राज्यांनी केला. तुमच्या राज्यात झालाय का ते पाहून मगच केसांवर बोला.

आता घरचा मामला. तुमच्या हाताखाली आपली एक मराठी मुलगी असणारच. वालचंदची इंजिनिअर, हुशार, मिटिंगमध्ये तुम्हाला 'गिरीश' म्हणते आणि मंडळाच्या गणपतीत 'गिरीशदादा'. ही सगळ्यात सोयीची, कारण तिची समजूत मराठीत काढता येते. पार्किंगमध्ये गाठून म्हणा, "अगं, एवढी घाई कसली? तुझं पर्म, ग्रीन कार्डची पहिली पायरी, चालू आहे ना? पोझिशन फार बदलली तर ते सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. मी तुझ्याच भल्याचं बोलतोय." यात खोटं काही नाही, नवी जबाबदारी फारच वेगळी असेल तर तसं होऊ शकतं. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग मारुतीच्या शेपटासारखी असल्यामुळे हे एक वाक्य तुम्हाला पुष्कळ वर्षं पुरेल. मॅट कॅन्ससचा असल्याने त्याच्या भल्याची अशी काळजी घेता येत नाही, म्हणून त्याला बढती द्यावी लागते.

दुसरी येईल ती नवऱ्यामागे 2009 मध्ये एच-4 व्हिसावर आलेली. 2015 च्या मे महिन्यापर्यंत तिला नोकरी करायची परवानगीच नव्हती, नंतरही नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोचला असेल तरच. तिच्या रेझ्युमेवरच्या त्या सहा वर्षांवर पेन टेकवा आणि विचारा, "या काळात नक्की काय केलंत?" तुमची बायको नेमकी तीच सहा वर्षं तोच व्हिसा घेऊन न्यू जर्सीतल्या एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये, एमएस्सीचं सर्टिफिकेट बॅगेत ठेवून, बसली होती. ते मुलाखतीच्या ओघात आठवायचं कारण नाही.

आणि एखादीचं आडनाव ओळखीचं वाटलं नाही, तर? तर अगदी सहज, पोटलकच्या रांगेत, हातात साबुदाणा वडा असताना विचारा, "मूळच्या कुठल्या तुम्ही?" गाव सांगितलं तर "तिथे कुठल्या भागात?" तिने जर आडनावाऐवजी वडिलांचं नाव लावलं असेल तर तुम्हाला जे हवं ते कळलंच. यापुढे तिला काही बोलायचं नाही. फक्त शनिवारच्या सत्यनारायणाचं बोलावणं तिला जात नाही, आणि जी टीम सत्यनारायणात ठरते ती टीम सोमवारी तिला कळते. कंपनीच्या फॉर्मवर ती 'एशियन, फीमेल' आहे, तुम्हीही 'एशियन' आहात, मग भेदभाव होईल कसा? सिएटल शहराने 2023 च्या फेब्रुवारीत जातीवरून भेदभावाला बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत जन्माने पुण्याच्याच, म्हणजे घरभेदीच म्हणायच्या. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, तेव्हा गव्हर्नरसाहेबांनी ऑक्टोबरमध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. सध्याच्या कायद्यांत हे आलेलंच आहे, वेगळा रकाना नको, असं त्यांचं म्हणणं. सेंट लुईसच्या न्यायमूर्तींना बरं वाटलं असतं.

हवामानाकडेही लक्ष ठेवा. 2020 च्या उन्हाळ्यात पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या खुनानंतर ज्या कंपन्यांनी सोशल मीडियावर निषेधाचे काळे चौकोन लावून वचनं दिली, त्यांतल्या अनेकांनी वेबसाइटवरचे ते परिच्छेद गुपचूप उतरवले आहेत. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी सरकारी खात्यांतले असे उपक्रम बंद केले आणि सरकारी कंत्राटदारांना समान संधीसाठी बांधून घेणारा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा 1965 चा आदेशही रद्द केला. तुमची समिती आता 'आपलेपणा आणि संस्कृती' या नावाने भरेल. सभासद त्याच, वेळ तीच, दुपारचे बारा.

एवढं करूनही मोनिक एक दिवस राजीनामा देईल. एक्झिट इंटरव्ह्यूत ती 'नवी संधी' म्हणेल. तुम्ही तेच लिहून घ्या, खोलात शिरू नका. ती स्वतःची कंपनी काढेल आणि भांडवल शोधायला बाहेर पडेल. तिथली व्यवस्थाही झालेली आहे. अटलांटात फिअरलेस फंड नावाची संस्था कृष्णवर्णीय उद्योजिकांना 20,000 डॉलरचं अनुदान देत होती. 2023 मध्ये तिच्यावर वंशभेदाचा दावा लागला, तोही 1866 च्या नागरी हक्क कायद्याखाली, जो गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना करार करता यावेत म्हणून झाला होता. जून 2024 मध्ये अपील कोर्टाने संस्थेच्या विरोधात कौल दिला, सप्टेंबरमध्ये तडजोड झाली, अनुदान बंद. तुम्हाला बोटसुद्धा उचलावं लागलं नाही. तुम्ही फक्त तिच्या लिंक्डइन पोस्टखाली 'सो प्राउड ऑफ यू' लिहा, आणि सोमवारी तिच्या जागेची जाहिरात टाका. 'आम्ही विविधतेचं स्वागत करतो' ही खालची ओळ आता गाळली तरी चालते, असं लीगलने कळवलंय.