घंटागाडीत ‘सगळं एकत्रच होतं’ म्हणून वेगळं करणं सोडू नका

मराठवाड्यातल्या कॉलनी-सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो. त्याचा सारांश असा: ओला-सुका वेगळा करायला लावणं हे नुसतं नाटक आहे. घंटागाडीत सगळं एकत्रच होतं. डेपोवर मशीन आहे, ती वेगळं करते. लोकांना त्रास देण्यापेक्षा महापालिकेनं मोठे कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणाऱ्या गाड्या) घ्यावेत आणि कचरा जाळून वीज करावी. स्वीडन तर दुसऱ्या देशांचा कचरा विकत घेतो.

हा मेसेज इथं फिरावा याचं जास्त वाईट वाटतं, कारण एकत्र कचऱ्याची किंमत या भागानं मोजलेली आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगाव-मांडकीच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) शहराचा कचरा तीस वर्षांहून जास्त काळ त्यांच्या शिवारात पडत होता. धूर, माश्या आणि विहिरीचं बिघडलेलं पाणी, या त्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षांच्या होत्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तिथं कचरा टाकायला मनाई केली. मग गाड्या ज्या गावाकडे वळतील तिथं विरोध सुरू झाला आणि मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक, जाळपोळ, लाठीमार इथपर्यंत गोष्ट गेली. शहरात रस्त्यांच्या कडेला ढीग साचले. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथले प्रक्रिया प्रकल्प आणि ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा कांचनवाडीचा प्रकल्प त्या संकटानंतर उभे राहिले. हे प्रकल्प नीट चालणं-न चालणं आपल्या ओट्याखालच्या डब्यापासून ठरतं.

आता पहिला मुद्दा: गाडीत एकत्रच होतं. काही गाड्यांत होतं, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण का होतं, ते मेसेज सांगत नाही.

दारात येणारी छोटी घंटागाडी नीट पाहा. मागच्या हौद्यात मधे एक पत्र्याची आडभिंत असते, एका बाजूला ओला, दुसऱ्या बाजूला सुका. ओला कचरा वजनाला जड, पण जागा कमी खातो. सुका फुगीर. पुठ्ठ्याची खोकी, कुरकुऱ्यांची पाकिटं, थर्माकोल यांनी सुक्याची बाजू अर्ध्या गल्लीतच भरते. पुढची घरं बाकी असतात, फेरी संपवायची घाई असते, मग हेल्पर उरलेला सुका ओल्यावर टाकतो. कुठे आडभिंतच गंजून निखळलेली असते, ती कुणी पुन्हा बसवत नाही. हे दुरुस्त करता येतं: सुक्याची बाजू मोठी ठेवायची, वर जाळी लावून उंची वाढवायची, पुठ्ठा-प्लास्टिकसाठी बाजूला पोती लटकवायची, किंवा सुका आठवड्यातून ठरावीक दिवशीच उचलायचा.

याहून मोठं कारण वजनकाट्यावर आहे. अनेक शहरांत ठेकेदाराचं बिल टनावर निघतं. जितकं वजन, तितके पैसे. मग ओल्या-सुक्याची सरमिसळ, भिजलेला पुठ्ठा, नाल्यातला गाळ, बांधकामाची माती, सगळंच काट्यावर चांगलं. वेगळा केलेला, कोरडा, हलका कचरा आणून ठेकेदाराला मिळतं काय? कमी बिल. गाडीवरच्या हेल्परला शिव्या घालून हा हिशेब बदलत नाही, तो करारात बदलावा लागतो. बिल घरांच्या संख्येवर काढायचं आणि सरमिसळ कचरा आणला तर कापायचं, अशी अट घालता येते.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरावर कचरा वेगळा करण्याची जबाबदारी टाकली, तशीच वेगळा केलेला कचरा गोळा करून नेण्याची व्यवस्था स्थानिक संस्थेवर टाकली. समोरचा आपलं काम करत नाही, म्हणून आपण आपला डबा एकत्र करायचा, यात नुकसान आपलंच होतं. कारण मग तक्रार करायला तोंडच राहत नाही. वेगळा डबा हातात घेऊन दारात उभा असलेला माणूसच ‘तुम्ही एकत्र का केलं?’ असं विचारू शकतो.

‘मशीन वेगळं करते’ हा दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात घातक. डेपोवर मशीन म्हणजे बहुतेक वेळा ट्रॉमेल: भोकं पाडलेलं मोठं फिरतं पिंप. त्यातून बारीक माल खाली पडतो आणि मोठा पुढे सरकतो. ही चाळणी आकार ओळखते, पदार्थ ओळखत नाही. बांगडीचा तुकडा, औषधाच्या गोळीचं रिकामं पान, ब्लेड आणि भाजीचं देठ तिच्या लेखी सारखंच. ओला कचरा चिकट असतो, म्हणून तो प्लास्टिकच्या पिशव्यांना लडबडतो. ओढण्या, दोऱ्या, साड्यांचे तुकडे पिंपाला गुंडाळले जातात, मग मशीन थांबवून कामगाराला आत शिरून ते विळ्यानं कापून काढावे लागतात. डाळीच्या पाण्यात भिजलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही. सकाळी तुमच्या घरात त्याला किंमत होती, दुपारी डेपोवर तो नुसता बोजा झालेला असतो.

आणि खालून जो बारीक माल निघतो, त्याचं खत करायचं असतं. शहरी कंपोस्टसाठी केंद्राच्या खत नियंत्रण आदेशात मर्यादा दिल्या आहेत: शिसं किलोमागे 100 मिलिग्रॅम, कॅडमियम 5, पारा फक्त 0.15. एका सीएफएल दिव्यात साधारण 3 ते 5 मिलिग्रॅम पारा असतो. तो ओल्या कचऱ्यात फुटला, तर वीस-तीस किलो खत त्या एकट्या दिव्यानं मर्यादेला नेता येतं. जुने सेल, रंगाचे डबे, ट्यूबलाइट यांचा हिशेब वेगळाच. आपल्याकडच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी आहे, शेतकऱ्याला खत हवंच आहे. पण ट्रॉलीभर खतात काचा आणि पिशव्यांच्या चिंध्या निघाल्या, तर तो दुसऱ्यांदा कशाला येईल? अनवाणी पायांनी रानात फिरणारी माणसं आहेत.

गॅस प्रकल्पाचंही तसंच. टाकीत प्लास्टिक वर तरंगून थर धरतं, माती-खडी तळाला बसते, पंप तुंबतात. असा प्रकल्प बंद पडला की ‘पाहा, पैसे पाण्यात गेले’ म्हणणाराही तोच मेसेज पुढे पाठवतो.

शिवाय मशीनच्या आधी हात असतात. डायपर, सॅनिटरी पॅड, इन्सुलिनच्या सुया ज्या पिशवीत तुम्ही उष्ट्या अन्नासोबत कोंबता, ती हेल्पर हौद्यावर बसून उघडतो, पुष्कळदा हातमोज्यांशिवाय. डायपर-पॅड कागदात गुंडाळून वर पेनानं एक लाल खूण करायला किती वेळ लागतो?

कॉम्पॅक्टरबद्दल थोडक्यात. दाबून भरणारी ही गाडी मुळात परदेशातल्या कोरड्या, हलक्या, खोक्या-बाटल्यांच्या कचऱ्यासाठी घडली. आपल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो आणि तो आधीच घट्ट बसलेला असतो. त्याला दाबलं की जागा फारशी वाचत नाही, पाणी मात्र निघतं आणि ते काळं पाणी टाकी भरली की रस्त्यावर सांडत जातं. दाबल्यावर काचाही बारीक होतात आणि ओल्यात रुततात. जुन्या शहरातल्या गुलमंडी-सराफ्याच्या बोळांत ती गाडी शिरणार कशी, हा आणखी वेगळा प्रश्न. कॉम्पॅक्टर टाकाऊ नाही. छोट्या गाड्यांनी वेगवेगळा गोळा केलेला सुका कचरा लांब न्यायला तो चांगलाच आहे. पण त्यानं घरातलं वर्गीकरण टळत नाही.

राहिली वीज. ओला कचरा जळत नाही, आधी त्यातलं पाणी उकळावं लागतं आणि त्यातच उष्णता खर्ची पडते. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये रोज 300 टन कचरा जाळून वीज करणारा कारखाना उभारला होता. कचऱ्यात पुरेशी उष्णताच नसल्यानं तो चाचणीच्या टप्प्यातच बंद पडला. 2016 च्या नियमांतही पुनर्वापर न होणाऱ्या आणि किलोमागे 1500 किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणाऱ्या कचऱ्याचाच ऊर्जेसाठी विचार होता. पावसाळ्यातला आपला भिजलेला सरमिसळ ढीग त्यात कुठून बसणार? ओला बाजूला काढला, तरच उरलेलं जळण्याजोगं होतं.

स्वीडन कचरा ‘विकत घेतो’ हे तर उलटंच आहे. कचरा घेण्यासाठी स्वीडनमधले प्रकल्प पाठवणाऱ्यांकडून पैसे घेतात. आणि तिथं 2024 च्या सुरुवातीपासून घरगुती अन्नकचरा वेगळा गोळा करणं पालिकांना बंधनकारक आहे. म्हणजे उदाहरण दिलेला देशच आपल्याला नको असलेली गोष्ट करतोय. इतक्या लांब जायचीही गरज नाही. इंदूरमध्ये गाडीत वेगवेगळे कप्पे आहेत, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेला रोज 550 टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प वेगळ्या आलेल्या ओल्यावरच चालतो. तिथंही डबे आधी घरात वेगळे झाले, प्रकल्प नंतर आला.

‘एका घरानं काय होतं’ असंही त्या मेसेजखाली लोक लिहितात. गल्लीतल्या दहा घरांचा ओला स्वच्छ असला, तर अकराव्या घरचं डायपर हेल्परला दिसतं आणि तो ते परत देऊ शकतो. सगळ्याच पिशव्या सारख्या असल्या, तर कुणालाच काही परत देता येत नाही.

मेसेज पुढे ढकलण्याऐवजी दोन कामं करा. आडभिंत नसलेली गाडी दारात आली, की तिच्या नंबरासह हौद्याचा फोटो काढा आणि स्वच्छता निरीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. हेल्परचा चेहरा फोटोत घेऊ नका. आणि नगरसेवकांना, किंवा माहितीच्या अधिकारात वॉर्ड ऑफिसला, एवढंच विचारा: आमच्या प्रभागातल्या कचरा ठेक्याचं बिल टनावर निघतं की घरांवर, आणि सरमिसळ कचऱ्यासाठी गेल्या वर्षभरात किती रक्कम कापली?