हत्ती जगाचे, नुकसान मात्र चोबेच्या शेतकऱ्याचं

एप्रिल २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या बोट्सवानाचे तेव्हाचे अध्यक्ष मोकग्वेत्सी मासिसी जर्मनीवर भडकले आणि म्हणाले, २० हजार हत्ती पाठवतो, सांभाळा! निमित्त होतं शिकारीच्या ट्रॉफी (मारलेल्या प्राण्याचं मुंडकं, दात वगैरे) देशात आणण्यावर निर्बंध घालायच्या तिथल्या हालचालींचं. लोक हसले. मला धमकी सोडली तर म्हणणं पटलं: हत्तींचा त्रास सोसणाऱ्यांचं उत्पन्न लांब बसून बंद करू नका.

बोट्सवानाला समुद्र नाही. माणसं जेमतेम २५ लाख, हत्ती सुमारे १ लाख ३० हजार. १९६६ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा गणती जगातल्या अगदी गरीब देशांत. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले आणि नशीब उघडलं. आता प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी (त्यातले कितीतरी आपल्या शेजारी सुरतेत बनतात) भाव पाडलेत, म्हणून पर्यटनाकडे डोळे लागलेत.

त्यांचं धोरण सरळ आहे: गर्दी कमी, दर चढे. ओकावांगो नदी समुद्र न गाठताच कलहारीच्या वाळूत जिरते. तिथल्या लॉजवर मोजके तंबू, जायला छोटं विमान, आणि एका रात्रीचं भाडं ऐकून आपण लांबूनच नमस्कार करायचा. तरी ताडोब्यात एका वाघाभोवती जिप्स्यांची जी झुंबड उडते ती पाहिली की हेच बरं वाटतं.

पण हा पैसा पाणी असेल तिथेच फिरतो, आणि बऱ्याच लॉजचे मालक बाहेरचे. देशाच्या उत्तरेला चोबे भागातला शेतकरी मात्र रात्र जागून काढतो. तिथे सुक्या मिरचीची पूड हत्तीच्या लिदीत कालवून विटा थापतात आणि शेताच्या कडेला धुमसत ठेवतात. ठसका लागला की हत्ती मागे फिरतो. वारा उलटला तर ठसका घरात आणि हत्ती मक्यात. आपल्या सिंधुदुर्गात, हत्तींनी बागा तुडवलेल्या दोडामार्गच्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको.

शिकार २०१४ ला बंद केली, २०१९ ला परत सुरू केली. मेलेल्या हत्तीपुढे बंदूक घेऊन फोटो काढणाऱ्याची मला किळसच येते. पण कोरड्या भागात कॅमेरावाले फिरकत नाहीत, आणि तिथल्या गावांच्या ट्रस्टला शिकारीच्या कोट्यातूनच चार पैसे मिळतात. ते नुसते बंद करा म्हणणं सोपं आहे, खिसा आपला नसतो ना!

माझं मत विचाराल तर लॉजच्या प्रत्येक रात्रीमागे ठरावीक रक्कम थेट पीक-भरपाईत जावी, आणि ती पुढच्या पेरणीआधी हातात पडावी. बर्लिनहून हत्तींची काळजी करणाऱ्यांनीही त्यात वाटा घालावा. मग बोलू शिकारबंदीवर.