ऑपरेशनला देणगी मिळते, संशोधनाला का नाही?

कुणाच्या हार्टच्या ऑपरेशनला पैसे कमी पडताहेत असा मेसेज फिरला की आपली माणसं हात आखडता घेत नाहीत. देवस्थानं देतात, गणेश मंडळं देतात, परदेशातले भाचे-पुतणे पाठवतात. मला याचा अभिमान आहे. पण अटॅक मुळात येतो कसा, हे शोधत बसलेल्या माणसाला आपण पैसे देऊ का? द्यायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

ब्रिटनमध्ये 1961 साली ब्रिटिश हार्ट फाउंडेशन ही धर्मादाय संस्था उभी राहिली. पैसा लोकांचाच: मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमा, जुने कपडे आणि फर्निचर विकणारी दुकानं, लंडन ते ब्रायटन सायकल फेरी. त्या काळी तिथे अटॅक आलेल्या दहापैकी सात जण दगावत. आज दहापैकी सात वाचतात. यात सरकारचा, कंपन्यांचा, इतर देशांतल्या संशोधकांचाही वाटा आहेच.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते मायकेल डेव्हिस. 1970 च्या दशकात डॉक्टरांमध्ये वाद होता की हृदयाच्या रक्तवाहिनीत सापडणारी गुठळी अटॅकचं कारण आहे, की अटॅकनंतर ती आपोआप तयार होते? लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधले हे पॅथॉलॉजिस्ट मृतांच्या रक्तवाहिन्यांचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली तपासत राहिले. वाहिनीच्या भिंतीतला चरबीचा थर फाटतो, तिथे रक्त गोठतं, वाट बंद होते. म्हणजे गुठळी आधी, अटॅक नंतर. ब्रिटिश हार्ट फाउंडेशननेच त्यांना पाठबळ दिलं, पुढे प्राध्यापकपदही दिलं. या कामातून विकण्यासारखं काहीच निघणार नव्हतं, ना गोळी ना मशीन. कुठली कंपनी यावर खर्च करेल?

पण गुठळी हेच कारण म्हटल्यावर ती विरघळवण्याला अर्थ आला. 1988 साली ऑक्सफर्डच्या गटाने 17,187 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज हे औषध बनवणाऱ्या कंपनीने त्यात मोठा खर्च उचलला होता, पण त्या गटाला उभं ठेवण्यात फाउंडेशनचाही हात होता. पाच आठवड्यांत, स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी ॲस्पिरिन यांपैकी एकही न मिळालेल्या शंभरातले 13 जण हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने गेले. दोन्ही मिळालेल्यांत 8. ॲस्पिरिन! आपल्याकडे काही पैशांत मिळणारी गोळी.

आणि हे फक्त गोऱ्यांच्या देशातलं राहिलेलं नाही. अनेक औषधं एकाच गोळीत घालून अटॅक टाळता येतो का, हे तपासणारी एक मोठी चाचणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या निधीत वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश धर्मादाय संस्थेचा वाटा होता आणि भाग घेणाऱ्यांत जवळजवळ निम्मे लोक भारतातले होते. प्रश्न आपला, रक्तदाब आपला, पैशात वाटा मात्र लंडनमधल्या धर्मादाय संस्थेचा. हे मला खुपतं.

ऑपरेशनची मदत एक रुपयानेही कमी होऊ नये. पण तुमच्यापैकी कुणी एखाद्या देवस्थानाच्या किंवा हॉस्पिटलच्या ट्रस्टवर असाल, तर यंदाच्या बजेटमध्ये संशोधनासाठी एक वेगळं खातं उघडायचा ठराव मांडा. रक्कम लहान असली तरी चालेल. कुणी मांडलाच तर मला इथे जरूर कळवा, माझी देणगी त्या खात्यात असेल.