वाऱ्याचा डोळा

आमच्या ग्रुपवर काल पुन्हा तोच मेसेज आला. इंग्रजी 'विंडो' म्हणे 'वातायन' या आपल्या खिडकीसाठीच्या संस्कृत शब्दाचा अपभ्रंश! खाली टाळ्यांचा पाऊस. मला मनापासून वाईट वाटलं, कारण खरी गोष्ट याहून कितीतरी सुंदर आहे.

'विंडो' इंग्रजीत आला तो व्हायकिंगांच्या, म्हणजे उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांच्या, जुन्या नॉर्स भाषेतून. मूळ शब्द 'विंदआउगा'. 'विंदर्' म्हणजे वारा, 'आउगा' म्हणजे डोळा. लांबलचक लाकडी घर, मधोमध पेटलेली आगटी, कोंडलेला धूर आणि भिंतीत किंवा छपरात ठेवलेलं एक भोक. काच कुठली! त्या भोकाला कुणीतरी वाऱ्याचा डोळा म्हटलं. नवव्या शतकात ही माणसं इंग्लंडात वस्ती करून राहिली. तिथल्या लोकांचा स्वतःचा शब्द होता, 'डोळ्याचं भोक' अशा अर्थाचा. तो विरला, पाहुण्यांचा टिकला.

व्याकरण बघा, तिथे तर मी हरखूनच जाते. 'विंदर्' पुल्लिंगी, 'आउगा' नपुंसकलिंगी. समासाचं लिंग शेवटच्या पदाचं, म्हणून 'ते' विंदआउगा. अगदी आपल्यासारखं: तो देव, ते घर, म्हणून ते देवघर. जोडताना 'विंदर्'मधला र् गळतो, कारण तो प्रथमेचा प्रत्यय. आणि हा र् कोण? संस्कृत 'वातः' म्हणजे वारा, त्यातल्या विसर्गाचा सख्खा भाऊ! दोघंही एकाच जुन्या 'स्'पासून आलेले. 'वात' आणि 'विंदर्' यांचा धातूही एकच. 'आउगा' आपल्या 'अक्षि'च्या, म्हणजे डोळ्याच्या संस्कृत शब्दाच्या, घराण्यातला मानतात, आणि 'अक्षि'सुद्धा नपुंसकलिंगीच.

म्हणजे नातं आहेच, पण चुलत भावंडांचं. चुलत भावाला मुलगा म्हणून मिरवलं तर नातं वाढत नाही, बिघडतं.

संस्कृतनं वारा 'वातायना'त ठेवला आणि डोळा 'गवाक्षा'त, गाईबैलाचा डोळा. कार्ल्याच्या चैत्यात उभं राहून वर बघा, नालेच्या आकाराचं ते भलंमोठं गवाक्ष आणि त्यातून आत उतरणारा उजेड. नॉर्सनं वारा आणि डोळा एकाच शब्दात बसवले. कुणी कुणाचं उचललं नाही. भिंतीतल्या भोकाला डोळा म्हणावंसं दोघांनाही आपापलं वाटलं.

आज आइसलँडमध्ये खिडकीला 'ग्लुग्गी' म्हणतात, स्वीडिश लोकांनी तर लॅटिन वळणाचा 'फॉन्स्टर' घेतला. नॉर्वेत मात्र 'विंदू' आहे, झिजलेला, पण तोच.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. एका काकूंनी विचारलं, "मग आपली 'खिडकी' कुठून आली गं?" आता रात्रभर तेच शोधणार आहे.