कुत्र्याशी नजर भिडवू नका, चाव्यावर चुना भरू नका

गोव्यात आमच्या मये गावातल्या वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. कुत्रा अंगावर आला तर नजरेला नजर भिडवा, मागे हटू नका, दगड हाणा. दुचाकीवर असाल तर वेग वाढवा. चावलाच तर जखमेत मिरचीपूड किंवा चुना भरा. इंजेक्शन नको, कारण गोवा रेबीजमुक्त आहे. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण यातल्या प्रत्येक सल्ल्याने इजा वाढते, आणि शेवटचा तर सरळ जिवावर बेतणारा आहे.

नजर रोखून पाहणं हे कुत्र्याला आव्हान वाटतं. नुसता भुंकून परतला असता तोही मग पुढे येतो. जागीच थांबा, हात अंगालगत ठेवा, नजर खाली, अंग थोडं तिरकं. ओरडू नका. पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे सरका. छत्री, पिशवी, जे हातात असेल ते मध्ये धरा. चावायचंच असेल तर ते चावू दे. खाली पडलात तर गुडघे पोटाशी घ्या, तोंड खाली, हातांनी मान आणि कान झाका. मुलांना हे आधीच घरात करून दाखवा, कारण त्यांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो.

दगडाचं अर्धं खरं आहे. नुसतं वाकलं तरी पुष्कळ कुत्री पळतात, हे आपण लहानपणापासून बघतो. पण पिल्लं जवळ असलेली कुत्री किंवा कोपऱ्यात सापडलेला कुत्रा पळत नाही, आणि वाकलेल्या माणसाचा चेहरा नेमका त्याच्यासमोर येतो.

दुचाकीचं उत्तर आमच्या पदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे आहे. पहाटे सायकलवर पावाची टोपली घेऊन पोंऽपोंऽ करत येतो. देवळाच्या वळणावर चार कुत्री त्याच्या चाकामागे लागतात. तो पायडल मारत नाही. उतरतो, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्यांच्या मध्ये घेतो आणि सावकाश चालू लागतो. दहा पावलांत भुंकणं विरतं. पळतं चाक दिसलं की कुत्रा मागे धावतोच. स्कूटरचा वेग वाढवला की तोही वेग वाढवतो, आणि वळणावर तोल जातो तो आपला. वेग कमी करा, पाय खाली सोडू नका, गरज पडली तर थांबा.

आता मिरची. गेल्या पावसात शेजारच्या काकींच्या पोटरीला चावा बसला आणि कुणीतरी जखमेत मिरचीपूड भरली. आरोग्य केंद्रात ती धुऊन काढताना काकी माझा हात दाबून धरून रडत होत्या. मिरची, चुना, हळद यांनी रेबीजचा विषाणू मरत नाही, जखम तेवढी चिघळते. साबणाने मरतो, कारण त्याच्यावरचं स्निग्ध आवरण साबण फोडतो. वाहत्या नळाखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावून बघा, केवढा वेळ असतो तो! मग जखम न बांधता आरोग्य केंद्र गाठा.

आणि ‘रेबीजमुक्त’. 2021 मध्ये गोव्याला रेबीज-नियंत्रित क्षेत्र घोषित केलं. नियंत्रित, मुक्त नव्हे. मिशन रेबीज या संस्थेने आणि सरकारने वर्षानुवर्षं गावोगाव जाळ्यांत कुत्री धरून लस टोचली, त्याचं हे फळ आहे, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण कुत्र्याला सिंधुदुर्ग किंवा बेळगावची हद्द कळत नाही, नवी पिल्लं दरवर्षी जन्मतात, आणि कानाला खाच आहे म्हणजे नसबंदी झालेली आहे. यंदाची लस टोचली आहे असा तिचा अर्थ नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. चाव्यापासून लक्षणांपर्यंत महिने जाऊ शकतात, म्हणून ‘मला तर काही झालं नाही’ या म्हणण्याला काही अर्थ नाही.

पाळलेला, लस टोचलेला कुत्रा असला तरी इंजेक्शन त्याच दिवशी सुरू करायचं आणि कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवायचं. तो धडधाकट राहिला तर पुढचे डोस थांबवायचे का, ते डॉक्टर ठरवतील. पोटातल्या 14 इंजेक्शनांची भीती आता सोडा. ती जुनी लस आपल्या देशात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता लस दंडात टोचतात. कातडीत टोचायची असेल तर चार दिवस: पहिल्या इंजेक्शनचा दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडंही मागा. ते जखमेतच टोचतात, आणि लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत तेच राखण करतं.

काकींचा शेवटचा डोस ऐन चवथीच्या तोंडावर आला. गणपतीवर बांधायच्या माटोळीची फळं पडवीत तशीच टाकून त्या सकाळच्या बसने केंद्रावर गेल्या.