दोन टक्के आणि पंचेचाळीस दिवस : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मोठ्या कंपन्यांची सामाजिक जबाबदारी आणि लहान पुरवठादारांची थकलेली बिले यांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : कंपन्या खेड्यापाड्यांत शाळा, स्वच्छतागृहे आणि दवाखाने उभारत असताना त्यांच्यात खोट काढणे हा कृतघ्नपणा आहे, पुरवठादाराचे पैसे किती दिवसांनी द्यायचे हा दोन व्यावसायिकांमधला करार आहे, त्यात नीतीचा प्रश्न येत नाही, आणि ज्याने स्वतः धंदा केलेला नाही, त्याने असे लिहू नये. कंपन्यांनी मग नेमके करावे तरी काय, असेही आपण शेवटी विचारले आहे.

एक गोष्ट प्रथम मान्य करतो. या खर्चाला मी सरसकट ‘दिखाऊ’ म्हटले, ते चुकलेच. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि ही रक्कम प्राप्तिकरात व्यवसायाचा खर्च म्हणून वजा मिळत नाही. म्हणजे हा भार खरा आहे, आणि त्यातून झालेली कामेही खरी आहेत. तो शब्द मी मागे घेतो.

मी कारखाना चालवलेला नाही, हेही खरे. मात्र पुण्याजवळच्या भोसरीतील एका लहान वर्कशॉपचे हिशेब मी नऊ वर्षे सांभाळले. तेथे सोळा कामगार होते आणि बहुतेक जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यासाठी सुटे भाग बनवून देण्याचे काम, एकाच मोठ्या कंपनीचे होते. एका मार्च महिन्यात त्या कंपनीकडे आमची तीन महिन्यांची बिले अडकली. माल त्यांच्या गेटमधून आत गेलेला होता, त्याचे सुटे भाग यंत्रांत बसून बाजारातही गेले असतील; परंतु बिलावरचा जीएसटी आम्हाला पैसे येण्याची वाट न पाहता भरावाच लागला. मालकांनी बँकेकडून कॅश क्रेडिटची, म्हणजे रोजच्या खर्चासाठीच्या कर्जाची, मर्यादा वाढवून घेतली आणि कामगारांचा पगार दोन हप्त्यांत दिला. त्याच आठवड्यात त्या कंपनीने एका शाळेला संगणक दिल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले. त्या मुलांना संगणकांचा उपयोग झाला असेल, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्या दिवशी त्या कंपनीच्या हातात जो पैसा खेळत होता, त्यात आमच्या सोळा जणांचा पगारही होता, आणि तो वापरण्यास त्यांच्यापैकी कोणीही संमती दिलेली नव्हती.

आपण कराराचा मुद्दा मांडता, त्यावर माझा खरा मतभेद आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराच्या बाबतीत हा विषय केवळ करारावर सोडलेलाच नाही. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडची मुदत ठेवता येत नाही; मुदत उलटली, तर करारात काहीही लिहिलेले असो, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. मग पुरवठादार ते मागत का नाहीत? कारण पुढची ऑर्डर त्याच पर्चेस विभागाकडून यायची असते. थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकण्यासाठी याच कायद्याखाली परिषद आहे, परंतु तेथे अर्ज करणे म्हणजे त्या गिऱ्हाइकाला निरोप देणे, हे वर्कशॉपमधल्या प्रत्येकाला ठाऊक असते. कोणी माल आत आल्याची नोंदच उशिरा करते, कोणी बिलातला किरकोळ फरक महिनाभराने दाखवून ते परत पाठवते. जेथे एका पक्षाला ‘नाही’ म्हणण्याची सोयच नाही, तेथील मौनाला संमती म्हणणे मला न्याय्य वाटत नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराच्या प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा न धरण्याची तरतूद आणली, ती आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली. करारांनी हा प्रश्न सुटला असता, तर या तरतुदीची गरज पडली नसती.

कायद्याने भाग पाडण्याआधीच कंपन्यांनी अशी जबाबदारी पाळावी ही अपेक्षा अव्यवहार्य आहे, असेही आपल्या लिहिण्यातून जाणवते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ साली अपघात भरपाईची योजना सुरू झाली. कामगार भरपाईचा कायदा देशात आला तो १९२३ मध्ये. नफा वाटण्याच्या आधी, तो मिळवतानाच जबाबदारी पाळणे म्हणजे काय, ते या उदाहरणात दिसते. आजच्या नियमांनुसार केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या हिताचा किंवा नेहमीच्या व्यवहारातला खर्च त्या २ टक्क्यांत धरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे ‘सामाजिक जबाबदारी’ हे शब्द गेटबाहेरच्या कामांनाच चिकटले आणि गेटवर मालाची पावती घेऊन उभा असलेला पुरवठादाराचा माणूस त्यांतून सुटला.

कंपन्यांनी काय करावे, याचे माझे उत्तर फार मोठे नाही. सामाजिक कामांचा तपशील वार्षिक अहवालात द्यावाच लागतो. त्याच्याच शेजारी, वर्षभरात लहान पुरवठादारांची किती बिले ४५ दिवसांच्या आत चुकती झाली, हे संचालकांनी आपल्या सहीने सांगावे. थकबाकी आणि तिच्यावरील व्याज यांची माहिती आजही हिशेबांच्या टिपांमध्ये द्यावी लागते. ती शेवटच्या पानांत असल्याने फारसे कोणी वाचत नाही. आमच्या वर्कशॉपची ती मार्चमधली बिले जूनमध्ये चुकती झाली. व्याजाचा एक रुपयाही आला नाही, आणि मालकांनी तो मागितलाही नाही.