65 वॅटचा चार्जर आणि ‘दुय्यम माल’: आपल्या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

टीव्हीला जोडून जुने व्हिडिओ गेम खेळायचं जे मशीन तुम्ही आमच्याकडून घेतलं, त्यावरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत फोन करूनही दुकानातून उचलला गेला नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण पुढे तुम्ही ‘अर्ध्या तासात हँग होणारं डबडं, दुय्यम माल देऊन फसवतात’ असं लिहिलंय, ते फार लागलं. नवी पेठेतलं गिऱ्हाईक आता आधी मोबाइलवर स्टार बघतं, मग पायरी चढतं. या दुकानावर घर चालतं, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

तुमचा मुख्य मुद्दा असा: ‘65 वॅटचा चार्जर लावला तरी बंद पडतं, म्हणजे मशीनच खराब.’ सर, तुमच्या मशीनमधला रासबेरी पाय 4 हा बोर्ड, म्हणजे एका पाटीवरचा छोटा कॉम्प्युटर, 5 व्होल्टवरच चालतो. त्याचा स्वतःचा अडॅप्टर 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा, म्हणजे 15.3 वॅटचा असतो. तुमचा चार्जर मोबाइल कंपनीचा फास्ट चार्जर आहे. तो 65 वॅट देतो ते 10 व्होल्ट आणि 6.5 अँपिअरवर, आणि तेही समोर त्याच कंपनीचा फोन असला, दोघांचं आपसात जुळलं तरच. दुसरं काही जोडलं की असे बरेच चार्जर 5 व्होल्ट, 2 अँपिअरवर येतात. म्हणजे 10 वॅट. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरात आउटपुटच्या ओळी असतात, त्यातली 5 व्होल्टची ओळ तेवढी वाचा. बाकीच्या ओळींचा या बोर्डाला काही उपयोग नाही.

आता केबल. बारीक तारेच्या केबलचा जाऊन-येऊन रोध 0.2 ओहम धरला, तर 2 अँपिअरला 0.4 व्होल्ट वाटेतच जातात. चार्जरमधून 5 निघाले, बोर्डापर्यंत 4.6 पोचले. 4.63 च्या खाली गेलं की बोर्ड कमी व्होल्टेजची नोंद करतो, स्पीड उतरवतो आणि स्क्रीनच्या वर उजव्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. तुम्ही रिव्ह्यूला जो फोटो जोडलाय, त्यात ती वीज स्पष्ट दिसते आहे. अधिकृत अडॅप्टरची केबल जाड, 18 गेजची असते आणि वरचा 0.1 व्होल्ट ही घट भरून काढायलाच ठेवलेला असतो.

मग पहिल्या मिनिटालाच का बंद पडत नाही? कारण मेनूवर असताना बोर्ड एक अँपिअरसुद्धा ओढत नाही. तुम्ही दोन गेमपॅडसोबत अडीच इंची हार्ड डिस्क थेट यूएसबीला लावलीय. काही वेळ वापर नसला की ती डिस्क झोपते. नवीन गेम उघडला की पुन्हा फिरायला लागते आणि त्या क्षणी एकटी जवळपास एक अँपिअर खेचते. या बोर्डाच्या चारही यूएसबीची मिळून मर्यादा 1.2 अँपिअर. म्हणून ‘टेकन लावला की अडकतं, मारिओ नीट चालतो’ असं तुम्हाला दिसतं. हार्ड डिस्क वापरायचीच तर तिला वेगळा पॉवर असलेला यूएसबी हब हवा, नाहीतर चांगल्या कंपनीचं, वर ‘A1’ छापलेलं मेमरी कार्ड.

बिल काढताना अडॅप्टर त्यात होता. ‘घरी 65 वॅटचा आहे, तेवढे पैसे कमी करा’ असं म्हणून तो तुम्हीच काढायला लावला आणि बिलावर ‘अडॅप्टरविना’ असं लिहिलेलं आहे. रिव्ह्यूमध्ये एवढी एकच गोष्ट आली नाही, याचं वाईट वाटतं.

हँग झाल्यावर भिंतीवरचं बटण बंद केलंत, त्यात बोर्डातलं मेमरी कार्ड करप्ट झालं. ते पुन्हा लिहून दिलं, त्याचे पैसे घेतलेले नाहीत. मेनूतून शटडाऊन करून हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच पॉवर काढायचा, हे कृपया घरात सगळ्यांना सांगा. आणि बोर्ड टीव्हीखालच्या बंद कप्प्यात ठेवू नका. 80 अंशांच्या वर गेला की तो आपोआप हळू होतो. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात बंद कप्प्यात पंखासुद्धा गरम हवाच फिरवतो.

पीएस-टूचे (प्लेस्टेशन 2 चे) गेम चालत नाहीत, ही तक्रार मला पटत नाही. प्लेस्टेशन 1 पर्यंत आरामात, त्यापुढे भरवसा नाही, असं ऑर्डर घेतानाच सांगितलं होतं. पीएस-टूसाठी पीसीएसएक्स-टू हा एम्युलेटर, म्हणजे त्या मशीनची नक्कल करून तिचे गेम चालवणारा प्रोग्राम लागतो आणि तो इंटेल-एएमडीच्या 64 बिट पीसीसाठी बनलेला आहे. ते हवं असेल तर चौथ्या पिढीचा किंवा त्यापुढचा आय-फाइव्ह प्रोसेसर असलेला जुना ऑफिस पीसी, 8 जीबी रॅम आणि 1050 टीआयसारखं ग्राफिक्स कार्ड बघा. या कार्डाच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. केस सडपातळ असेल तर लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्डच घ्या, नाहीतर झाकण बसणार नाही. स्वस्त मिळतो म्हणून जुना कोअर 2 प्रोसेसरचा पीसी घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये एसएसई 4.1 हा सूचनांचा संच नाही आणि तो एम्युलेटर सुरूच होत नाही.

बटण दाबल्यावर गेममध्ये उडी उशिरा लागते, ते टीव्हीचा गेम मोड चालू केला की बरंच सुधारेल. ऑनलाइन अडीच हजारांच्या गेम स्टिकशी तुलना केलीत, त्यात हजारो गेमचा आकडा असतो, पण एकच गेम वेगवेगळ्या नावांनी भरलेला असतो. आम्ही गेम भरून देत नाही. तुमच्या स्वतःच्या सीडीवरून फाइल कशी काढायची, ते दाखवतो.

यापुढे अडॅप्टरबद्दल बिलावर ठळक लिहू आणि फोनचंही बघतो.

रिव्ह्यू काढून टाका, असं मी म्हणत नाही. सकाळी 11 नंतर कधीही या. येताना बोर्ड, चार्जर, केबल आणि हार्ड डिस्क, चारही वस्तू आणा. आधी तुमचा चार्जर, मग दुकानातला अडॅप्टर लावून तुमच्यासमोर टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या स्क्रीनवर, बोर्डाने ठेवलेली पॉवरची नोंद काढतो. नोंदीच्या आकड्यात शेवटी 50005 आलं तर त्या क्षणी व्होल्टेज कमी आहे, 50000 आलं तर सुरू झाल्यापासून कधीतरी कमी झालं होतं आणि नुसतं शून्य आलं तर पॉवर ठीक आहे. दुकानातल्या अडॅप्टरवर, हार्ड डिस्क काढून तासभर गेम खेळूनही शून्य आलं नाही, तर बोर्ड तिथेच बदलून देतो.